गेमच्या खोक्यात मीठ

१

खोक्यातून पाणी गळत होतं म्हणून मी वाकले. त्या उन्हाळ्यात कुठं पाणी गळताना दिसलं की माणूस आधी बोट लावायचा आणि मग बोट तोंडात घालायचा. थेंबभर का होईना, वाया का घालवायचं. ते पाणी खारट लागलं. वरणात मीठ दोनदा पडल्यावर लागतं तसं.

शुक्रवारची सकाळ होती. नऊ दिवसांनी टँकर आला होता. लातूरला रेल्वेनं पाणी आलं म्हणून सगळ्या मुलखात गाजावाजा झाला, पण आमच्या उदगीरला कोण विचारतो. टँकरवाल्याशी हुज्जत घालून मी दोन पिंपं जादा भरून घेतली. घरात जागा नव्हती, म्हणून ती दुकानामागच्या गोदामात ठेवा म्हटलं. माझा मुलगा माणिकप्पा आडवा आला. तिथं नको, माल भिजेल, म्हणाला. मी म्हटलं, माल वाळका राहिला आणि माणसंच वाळून गेली तर विकशील कुणाला. पिंपं गोदामात गेली. त्यातलं एक बुडाशी चिरलेलं निघालं, आणि तासाभरात फरशीवर पाण्याचं तळं झालं. त्या तळ्यात गेमच्या मशिनींची खोकी उभी.

या मशिनी म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या. हातात दोन्ही मुठींनी धरायचं एक खेळणं येतं आणि पडद्यावर मोटारी पळतात, माणसं एकमेकांना बडवतात. एकेकीची किंमत तीस हजार. मला विचाराल तर तीस हजारात दुभती म्हैस येते आणि ती कुणाला बडवत नाही. पण खपत होत्या, म्हणून ठेवत होतो. आठ खोकी शिल्लक होती.

मी ग्यानोबाला हाक मारली. ग्यानोबा आमच्या दुकानात बावीस वर्षं आहे. माझे मालक, माणिकप्पाचे वडील, हयात होते आणि दुकानात सरकी-पेंड विकायचे तेव्हापासून. त्यानं खोकं उचलून टेबलावर उलटं ठेवलं, सुरीनं बुडाची चिकटपट्टी कापली. आत मशीन नव्हती. मिठाच्या पुड्या होत्या, एक-एक किलोच्या, कागद कोंबून नीट बसवलेल्या, म्हणजे उचलल्यावर वजन बरोबर वाटावं. खालची पुडी विरघळून गेली होती.

आठही खोकी उघडली. तिनांत मशिनी होत्या. पाचांत मीठ.

ग्यानोबा सुरी हातात धरून तसाच उभा राहिला. आम्ही दोघंही एकाच गोष्टीकडे बघत होतो. गोदामाच्या दोनच किल्ल्या. एक माझ्या देवघरात, विभूतीच्या डब्यामागं, आणि तिथं आंघोळ न केलेलं माणूस पाऊल ठेवत नाही. दुसरी ग्यानोबाच्या कमरेला.

२

आता त्या आठवड्यात बाजारात काय चाललं होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पाडव्याला लोक नवी वस्तू घेतात. दुष्काळ असला तरी घेतात. घरात प्यायला पाणी नाही आणि भिंतीवर नवा टीव्ही. त्या पाडव्याला आम्ही चार गेमच्या मशिनी विकल्या. आणि सहाव्या दिवशी, गुरुवारी, कंपनीनं एकाएकी किंमत सहा हजारांनी उतरवली. तीसची मशीन चोवीसला. नवीन मॉडेल येणार म्हणून जुनं काढायचं होतं म्हणे. ज्यांनी पाडव्याला घेतलं ते दुकानासमोर येऊन माझ्या नावानं शंख करायला लागले, जशी काय किंमत मीच उतरवली. नायगावच्या एका दुकानदारानं तर दुपारपर्यंत साडेबावीसला विकायला काढली. जुन्या मशिनी मातीमोल झाल्या. तासावर पैसे घेऊन पोरांना खेळवणारे गेमवाले आहेत, त्यांनी भाव पाडले, कारण आता ज्याच्या त्याच्या घरी मशीन येणार.

दुकानदारांसाठी कंपनीनं एक सोय ठेवली होती. ज्याच्याकडे न विकलेला माल आहे त्याला फरक मिळणार. कंपनीचा माणूस शनिवारी येऊन खोकी मोजणार, त्यांच्यावरचे नंबर लिहून नेणार. म्हणजे खोकी जागेवर हवी होती.

आणि ती मिठानं भरलेली.

माणिकप्पा आला. खोक्यांकडे बघितलं, ग्यानोबाकडे बघितलं, आणि मला बाजूला घेऊन हळू बोलला. पोलिसात नको जाऊ, अव्वा, म्हणाला. बावीस वर्षं राबलाय. त्याला गुपचूप काढून टाकू, झाकली मूठ राहील. मला माझ्या मुलाचं त्या घटकेला कौतुक वाटलं. एरवी त्याचं चित्त दुकानात नसतंच. उदगीर जिल्हा होणार, लातूरपासून तुटून वेगळा, या नादाला तो वर्षभर लागला होता. निवेदनं, बॅनर, धरणं. पाडव्याच्या आदल्या दिवशी शिष्टमंडळाबरोबर लातूरला गेला तो पाडवा उलटून गेल्यावर आला. घरची गुढी मी आणि ग्यानोबानं उभी केली.

ग्यानोबानं मात्र आमची कुजबुज ऐकली होती. कमरेची किल्ली सोडून त्यानं टेबलावर ठेवली.

"आक्का, मला पोलिसात न्या," तो म्हणाला. "तितं मार खाईन, पर चोर न्हाई हे तरी निघंल. तुमी नुसतं घरी पाठवलं तर मी कायमचा चोर. सोमवारी सिंधुचा साखरपुडा हाय बिलोलीला."

सिंधु त्याची धाकटी लेक. सोयरीक जमायला तीन वर्षं लागली होती.

मी किल्ली उचलली. तोंडातून शब्द काढला नाही. ते माझं चुकलं, आणि ते शेवटी सांगायचं ठेवून मी साळसूद होणार नाही. आत्ताच सांगून टाकते. बावीस वर्षांच्या माणसाला मी 'तू नाहीस' एवढंही म्हटलं नाही.

नंतर सगळ्यांदेखत एवढं बोलले, की सोमवारच्या आत चोर हुडकून काढीन, आणि ज्याच्यापायी ग्यानोबाचं नाव गेलं त्याला ग्यानोबा म्हणेल ती शिक्षा देईन. मग तो कुणीही असो. चौथी शिकलेली बाई आहे, पण तोंडातून गेलेला शब्द मागं घ्यायला मला कुणी शिकवलेलं नाही.

३

पहिला संशय सटवाजीवर होता. बसस्टँडमागं त्याचं गेमचं दुकान आहे, पत्र्याचं, कूलर लावलेलं. पाडव्याला त्यानं दोन मशिनी घेतल्या होत्या आणि गुरुवारी सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडला होता. शिवाय मंगळवारी ग्यानोबानं त्याला कसलीशी वायर शोधायला गोदामात नेलं होतं, हे ग्यानोबानंच सांगितलं.

मी गेले तेव्हा तो रिकाम्या खुर्च्यांत बसून स्वतःच खेळत होता. चार टीव्ही बंद.

"बगा आक्का, तुमच्या कंपनीचं पुण्य," म्हणाला. "चाळीस रुपये तास होतं, पंचवीसवर आणलं तरी मानूस न्हाई. जो येतो तो म्हनतो, आता घरीच घेऊन राहिलो."

मी म्हटलं, कंपनी माझी असती तर तुला फुकट दिली असती, आता माझ्या पाच मशिनी कुठायत ते सांग. त्याला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो हसला, आणि हसू आवरेना म्हणून हातातलं खेळणं खाली ठेवलं. मग जे बोलला ते रागानं बोलला, पण मला पटलं. त्याला किंमत उतरणार हे ठाऊक असतं तर पाडव्याला साठ हजार मोजून दोन मशिनी कशाला घेतल्या असत्या? सहा दिवस थांबला असता. आणि ठाऊक नसताना चोरल्या असत्या, तर आज त्या त्याच्याच दुकानात दिसल्या असत्या. मी मोजून बघितल्या. दोन माझ्याकडच्या, दोन जुन्या, धुळीनं माखलेल्या.

उठताना म्हणाला, नायगावला एका गेमवाल्यानं बुधवारी एकदम पाच नव्या मशिनी लावल्या म्हणे, खोक्याबिगर घेतलेल्या. अठ्ठावीसला एक. कुणाकडून, ते तो सांगेना.

"बुधवारी?" मी विचारलं.

"हाव. गुरुवारी किंमत पडली, तेवा तो रडला असंल मपल्यासारका."

परतीच्या रस्त्यानं मी ऊन विसरून गेले. म्हणजे ज्यानं माल काढला त्यानं किंमत पडायच्या आदल्याच दिवशी, जुन्या भावाच्या आसपास विकला. हा चोर नुसता हाताचा चपळ नव्हता. त्याला उद्याचा भाव आज ठाऊक होता.

आणि खोकी का ठेवली तेही मला दुकानाच्या पायरीवर पोचेपर्यंत उमगलं. त्याला चोरी करायचीच नव्हती. महागात विकायचं, किंमत पडली की तशाच पाच नव्या मशिनी स्वस्तात आणून ठेवायच्या, आणि मधला फरक खिशात घालायचा. खोक्यांची मोजणी होईपर्यंत तेवढं मीठ सांभाळणार होतं. माझं पिंप चिरलेलं निघालं नसतं तर या जन्मी कुणाला कळलं नसतं.

४

उद्याचा भाव आज कुणाला ठाऊक असतो? कंपनीच्या माणसाला.

सिद्धलिंग लातूरचा, आमच्याच समाजातला, तिशीतला, कपाळावर विभूती आणि अंगात कंपनीचा शर्ट. शनिवारी सकाळी मोजायला आला. खोकी बघून त्याचा चेहरा त्या मिठाहून पांढरा पडला. पोलिसात तक्रार द्या मावशी, मी एकट्यानं हे निस्तरू शकत न्हाई, म्हणाला.

मी त्याला पाणी दिलं नाही. आधी बोल, मग पाणी, म्हटलं. त्या दिवसांत एवढ्यावर माणूस बोलता व्हायचा.

किंमत उतरणार हे त्याला पाडव्याच्या आधी आठ दिवस कळलं होतं. कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. शपथ घे म्हटलं, तर गळ्यातल्या लिंगाला हात लावायच्या आधी तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. मी दुसरीकडून विचारलं, पाडव्याला कुठं होतास. घरीच, लातूरला. पाहुणे होते का? होते. कोण? तेवढ्यात माणिकप्पा आत आला आणि सिद्धलिंग म्हणाला, मावशी, मपली नोकरी जाईल, मला काही विचारू नका.

म्हणजे बोलला होता. कुणापाशी, तेवढं सांगत नव्हता.

माणिकप्पा म्हणाला की हाच तो. भाव याला ठाऊक, खोकी याला ओळखीची, पाडव्यानंतर मंगळवारी येऊनही गेला होता. ग्यानोबाची किल्ली कमरेला लटकलेली असते, दुपारी ग्यानोबा पोत्यावर आडवा होतो. काढून घ्यायला किती वेळ. ऐकायला बरोबर वाटत होतं. कालपर्यंत ग्यानोबा चोर होता, आज सिद्धलिंग झाला. मला एवढंच खटकलं, की माझ्या मुलाला चोर कुणीही चालत होता.

ग्यानोबा बाहेर पायरीवर बसला होता. दुकानात यायला मी मनाई केली नव्हती, आणि ये असंही म्हटलं नव्हतं. बिलोलीहून फोन येऊन गेला होता. त्याच्या होणाऱ्या व्याह्यानं विचारलं होतं की आम्ही काय ऐकून राहिलो ते खरं का.

५

माझं डोकं तापलं की मी सुनेवर ओरडते, ही माझी जुनी खोड आहे. त्या दिवशीही ओरडले. रुद्राणी, माणिकप्पाची बायको, स्वयंपाकघरात भांडी राखेनं घासत होती, आणि मी पुन्हा बादलीचं काढलं.

बादलीचं असं होतं. आमच्या घरात आंघोळीची पाळी लावलेली. एकाला तीन दिवसांनी अर्धी बादली. रुद्राणीनं मोरीच्या भिंतीवर खडूनं वार आणि नावं लिहिली होती. बुधवारी सकाळी मी पिंपात हात घातला तर पाणी चार बोटं खाली. मंगळवारी कुणाचीच पाळी नव्हती. मी तीन दिवस तिला बोलत होते, की लपून केस धुतलेस, माहेरी विहीर आहे म्हणून इथंही विहीर समजतेस. ती मुकाट ऐकत होती. आज तिनं भांडं आपटलं.

"अव्वा, मी न्हाई धुतले केस. मंगळवारी दुपारी यांचा पंचा ओला होता. विचारलं तर म्हणाले, घामानं. मी म्हटलं नवऱ्याचं नाव सांगून काय करू, तुम्ही मलाच बोलणार."

मी तिला म्हटलं, घामानं पंचा पिळून निघतो होय, आधी का नाही बोललीस. ती म्हणाली, तुम्ही बोलू दिलं कधी. मी तशीच वळून गोदामात गेले.

६

खोकी अजून टेबलाखाली रांगेनं होती. तीन खरी आणि पाच मिठाची. ग्यानोबानं सगळी खालच्या बाजूनं कापली होती, म्हणून वरची झाकणं जशीच्या तशी होती. मी झाकणं नीट बघायला बसले. हे कालच करायला हवं होतं. पण काल मी रागवायच्या कामात होते.

आमच्या घरी एक रीत आहे. सासऱ्यांचं मोंढ्यात धान्याचं दुकान होतं तेव्हापासूनची. पाडव्याला दुकानातल्या मालावर विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, आणि ते नेमके तोंडावर; पोतं असेल तर शिलाईवर, खोकं असेल तर झाकणाच्या फटीवर. सासरे म्हणायचे देवासाठी. मला वाटतं हमालांसाठी. पोतं उसवलं की पट्टा मोडतो.

विभूती पाण्यात कालवायची, तीन बोटं बुडवायची आणि ओढायची. वाळली की घट्ट बसते, वर्षभर जात नाही. चाळीस वर्षं मी तसंच केलं. ह्या वर्षी वाटीभर पाणीसुद्धा मला खुपलं. ग्यानोबा ताट धरून उभा होता. मी त्याला म्हटलं, देवाला दुष्काळ कळतो, आणि विभूतीची गोळी कोरडीच घासून पट्टे ओढले. कोरडी राख ती. फुंकर मारली तर उडेल अशी.

तीन खऱ्या खोक्यांवर त्या पट्ट्यांची नुसती पुसट सावली उरली होती.

पाच मिठाच्या खोक्यांवर पट्टे जाड होते. ओली विभूती, तीन बोटांनी ओढलेली, वाळून भेगाळलेली. नव्या चिकटपट्टीवरून गेलेली.

मी जमिनीवर बसूनच राहिले. गुडघे दुखतात म्हणून नव्हे.

७

सगळ्यांना गोदामात बोलावलं. ग्यानोबाला मी स्वतः बाहेर जाऊन हात धरून आणला आणि खुर्चीवर बसवलं. सिद्धलिंग दाराशी, रुद्राणी पदर सावरून भिंतीशी, माणिकप्पा मोबाईलमध्ये. सटवाजीला कुणी बोलावलं नव्हतं, तो तमाशा बघायला आला होता. राहू दे म्हटलं, साक्षीला एक परका बरा.

मी म्हटलं, ज्यानं खोकी फोडली त्यानं माझे पट्टे मोडले, म्हणून त्याला नवे ओढावे लागले. तेव्हा आमची रीत त्याला पक्की ठाऊक आहे. सटवाजी खाली बस, तू त्यात येत नाहीस.

दुसरं. त्यानं ओली विभूती लावली, कारण दर वर्षी मी ओलीच लावते. ह्या वर्षी कोरडी लावली, हे त्याला ठाऊक नव्हतं. ग्यानोबानं तर ताट धरलं होतं. त्याला चोरी लपवायची असती तर त्यानं कोरडीच लावली असती, आणि मी मेले असते तरी मला फरक कळला नसता. हे काम अशा माणसाचं, ज्याला रीत जन्मापासून ठाऊक, पण जो ह्या पाडव्याला इथं नव्हता.

सिद्धलिंग म्हणाला, मावशी, मी इथं नव्हतो खरं, पर मी—

मी म्हटलं, थांब, तुझंच सांगते. ही विभूती दुकानातली पांढरीफेक नाही. घरी केलेली आहे, करडी, आणि ती एकाच डब्यात असते, माझ्या देवघरात. तिच्यामागं गोदामाची किल्ली. तू बाहेरचा माणूस, तुला मी तिथवर जाऊच दिलं नसतं. तिथं घरचंच माणूस जातं. आणि घरचं माणूस तिथं पारोसं जात नाही. किल्लीला आणि विभूतीला हात लावायचा तर आधी अंगावर पाणी घ्यावं लागतं.

रुद्राणीनं मान वर केली. तिला बाकीच्यांच्या आधी कळलं.

"माणिक," मी म्हटलं, "मंगळवारी तुझी पाळी नव्हती. आंघोळ कशाला केलीस?"

त्यानं मोबाईल खिशात घातला. नंतर पुन्हा काढला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा त्याच्या तोंडून घाम हा शब्द निघाला, आणि त्याचा त्यालाच तो पुरेना.

मला त्या वेळी चोरीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची चीड आली. माणूस आईचा माल चोरतो, बावीस वर्षांच्या नोकराच्या गळ्यात धोंडा बांधतो, मिठाच्या पुड्या मोजून भरतो, आणि ह्या सगळ्याच्या मध्ये देव बाटू नये म्हणून अर्धी बादली पाणी अंगावर ओतून घेतो. न्हाऊन चोरी करणारा असा भाविक मी दुसरा बघितलेला नाही. पारोसाच गेला असता तर मला काही कळलं नसतं. पण तसं वागायला त्याला मीच शिकवलेलं नव्हतं.

मग सगळं निघालं. शिष्टमंडळ लातूरला होतं तेव्हा तो सिद्धलिंगच्या घरी उतरला होता. जेवताना सिद्धलिंगच्या तोंडून भाव उतरायची गोष्ट सुटली. सिद्धलिंगनं आता मान डोलावली, तो रडायच्या बेतात होता. आणि विकलेल्या मशिनींचे पैसे? जिल्हा झाला की कलेक्टर कचेरी कुठं होणार हे म्हणे समितीतल्या एकाला पक्कं ठाऊक होतं. तिथल्या एका प्लॉटला माणिकप्पानं सगळी रक्कम बयाणा देऊन टाकली होती. जागेचा भाव पंधरा दिवसांत दुप्पट होणार होता. मशिनीचा भाव पडणार, प्लॉटचा चढणार, आणि दोन्हीच्या मधून माझा मुलगा पुढारी होऊन बाहेर येणार. प्लॉट म्हणजे बरड माळ होता. तिथं कलेक्टर काय, शेळी उभी राहत नव्हती.

"मी पंधरा दिवसांत पाच मशिनी आणून ठेवणार होतो, अव्वा," तो म्हणाला. "कुणाचंच नुकसान न्हाई होणार होतं."

मी ग्यानोबाकडे बोट दाखवलं. याचं, म्हटलं.

८

आता माझा शब्द मला पाळायचा होता. दिला तेव्हा वाटलं नव्हतं की तो माझ्याच दारात येऊन बसेल. मी डोक्यावरून पदर घेतला आणि ग्यानोबाला म्हटलं, तू बोल. पोलीस म्हणशील तर आत्ता रिक्षा बोलावते, मी स्वतः नेऊन देते.

माणिकप्पा माझ्याकडे बघत होता, लहानपणी ताप आला की बघायचा तसा. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

किल्ली मी ग्यानोबासमोर टेबलावर ठेवली होती, तिला त्यानं हात लावला नाही.

"पोलीस नको," तो म्हणाला. "मपलं नाव पोलिसात न्हाई गेलं, बिलोलीला गेलं. सोमवारी सोयऱ्यांसमोर माणिक मालकानं सोता येऊन सांगावं. मंग किल्ली घेतो."

माणिकप्पा म्हणाला की बिलोलीला त्याला लोक ओळखतात, तिथं त्यानं जिल्ह्याची सभा घेतली होती. ग्यानोबा म्हणाला, म्हनूनच.

सिद्धलिंगला मी पाणी दिलं, तांब्याभर. खोकी किती म्हणून लिहू, त्यानं विचारलं. तीन लिही म्हटलं, तीनच आहेत. सटवाजीला गावभर सांगायची घाई झाली होती, तो पाणी न पिताच गेला. संध्याकाळी रुद्राणीला मी पिंपाकडे बोट दाखवून म्हटलं, केस धू. ती म्हणाली पाळी नाही माझी. तीन दिवस बोलणी खाल्लीस त्याची पाळी आहे, म्हटलं. धुतले तिनं, आणि पाणी झाडाला घातलं.

सोमवारी सकाळी जीप दाराशी आली. ग्यानोबा नवं धोतर नेसून पुढं बसला, मांडीवर साखरेचा पुडा. सिंधु आणि तिची आई मागं. मी निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात माणिकप्पा पंचा खांद्यावर टाकून मोरीपाशी येऊन उभा राहिला.

"अव्वा, चाळीस माणसांत जायचंय," तो म्हणाला. "अर्धी बादली घेऊ का?"

मी भिंतीवरच्या खडूकडे बोट दाखवलं. त्याच्या नावापुढं रुद्राणीनं गेला मंगळवार लिहून ठेवला होता, ठळक.

"तुझी पाळी होऊन गेली," मी म्हटलं. "तसाच चल."